रिकाम्या स्ट्रिपांची पिशवी

मी नाशिकचा, नर्सिंग केलेला, म्हणजे सगळे ब्रदर म्हणतात तो. २०१६ ला एका परदेशी संस्थेकडून दक्षिण सुदानला गेलो होतो. आल्यापासून पंचवटीत मिसळ खायला बसलं की मित्रांचा एकच प्रश्न, गोळीबार बघितला का रे? ऐकला, लांबून. पण तिथं सगळा वेळ गेला तो दुसऱ्याच गोळ्या मोजण्यात, मलेरियाच्या.

तो देश २०११ ला स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ ला आपसातच पेटला. आम्ही होतो तिथल्या लेअर गावाच्या बाजूला. तिथलं हॉस्पिटल २०१४ च्या सुरुवातीलाच लुटून जाळलेलं, आणि तिथल्या लोकल स्टाफने काय केलं तर सिरियस पेशंट आणि हाताला लागली तेवढी औषधं घेतली नि सरळ रानात पळाले. आमचं कामही तसंच होतं, गावातलाच एकजण ट्रेन करायचा, औषधांची बॅग पाठीवर द्यायची, गाव पळालं की तोही बॅगेसकट पळणार. आम्ही फिरता दवाखाना घेऊन आठवड्यातून एकदा, झाडाखाली ताडपत्री, टेबल, वजनकाटा, झालं. पावसाळ्यात गाडीचं नावच नको, जमीन आपल्या निफाडसारखी काळी, पाय टाकला की बूट आतच. मग लाकडी होडी, नाहीतर कमरेएवढ्या पाण्यातून चालत.

एका गावातला आमचा हेल्थ वर्कर, विशीतला ताडमाड पोरगा, त्याच्याशी माझं जमायचंच नाही. रजिस्टर कधी धड नसायचं. मी इथं सिस्टरांच्या धाकात शिकलेला, मला रजिस्टर म्हणजे देव. एकदा जाम झापला, ट्रान्सलेटरने अर्धंच सांगितलं असणार कारण तो हसला. शेवटी म्हटलं बाबा लिहू नको, निदान रिकाम्या स्ट्रिपा तरी ठेव. एका पेशंटला तीन दिवसांची एक स्ट्रिप, हिशोब लागतो.

ऑगस्टातला दिवस. दोन आठवडे गोळीबारामुळे जाता आलं नव्हतं, तिसऱ्याला रेडिओवर परवानगी मिळाली. पोचलो तर गाव रिकामं. दोन झोपड्या जळालेल्या, ज्वारी आडवी झालेली. तासाभरात कोणी आलं नाही तर परत फिरायचं असा नियम, आम्ही दीड तास काढला, टीम लीडर घड्याळाकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत वजनकाटा उगाच शून्यावर आणत बसलो.

मग पाणगवतातून आधी डोक्यावरच्या चटया दिसल्या, मग माणसं. दलदलीतल्या बेटांवर लपलेली, मासे आणि पाणकमळाच्या बिया खाऊन राहिलेली. पोरांचे दंड मोजले, पट्टी लालमध्ये, म्हणजे साडेअकरा सेंटीमीटरच्याही खाली, अति तीव्र कुपोषण, आपल्या अंगणवाडीत सॅम म्हणतात ते. शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट असतं, ९२ ग्रॅम, ५०० कॅलरी, एक पोरगं ते फाडून द्यायच्या आधीच त्याचा कोपरा चावत होतं.

आमचा गडी सगळ्यात शेवटी आला. रजिस्टरचा पार लगदा. मी तोंड उघडायच्या आत त्याने कमरेची प्लॅस्टिकची पिशवी सोडली. रिकाम्या स्ट्रिपा. बाळांच्या वेगळ्या, मोठ्या पोरांच्या वेगळ्या, बायामाणसांच्या वेगळ्या, गवताच्या दोरीत ओवलेल्या, आणि मधेच कुठेतरी दोरीला गाठ. गाठ कसली? ट्रान्सलेटर म्हणाला, औषध दिलं तरी गेलं, त्याची. दोन गाठी होत्या, दोन्ही बाळांच्या दोरीत.

मोजल्या, ४१. दिलेल्या ५०, बॅगेत ९. परत मोजल्या, का ते माहीत नाही.

बोलायला भाषा येत नाही, त्यांचा नमस्कार 'माले' तेवढा येतो, तोच परत म्हणालो, तो परत हसला. नवीन ५० स्ट्रिपा दिल्या, नवीन रजिस्टर दिलं. रजिस्टर त्याने परत केलं, पेन मात्र ठेवून घेतलं.

आता पेठ-सुरगाण्याकडे फिरत्या पथकावर असतो. परवा एका पाड्यावर आशाताईंचं रजिस्टर पावसात भिजून सगळी शाई फुटलेली, आमच्या मॅडम चिडल्या. मी मधे पडलो, म्हटलं ताई, रिकाम्या स्ट्रिपा असतील ना?

"त्या कशाला ठेवू भाऊ, चुलीत घातल्या."