तुम्ही विचारलंत म्हणून : माहिरा खानमध्ये एवढं काय आहे?

"‘रईस’मध्ये तर ती शाहरुखच्या मागे नुसती उभी होती. तुम्हाला तिच्यात एवढं काय दिसतं हो?"

पाकिस्तानी अभिनेत्री माहिरा खानबद्दलचा हा प्रश्न मला भिशीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. बँकेत होते तेव्हा डोंबिवली लोकलच्या गर्दीतही विचारायचे. २०२५ पासून त्याला एक शेपूट जोडलं गेलंय : "आणि अजूनही?" उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तर दिलं की ते समोरच्यालाही पटत नाही आणि मलाही नाही. तेव्हा आज बसून लिहिते.

सुरुवात माझ्या सासूबाईंपासून करावी लागेल. २०१४ च्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणावरच सगळं. रात्री झोप येत नसे, म्हणून त्यांच्या खोलीत टीव्ही हलवला. त्याच जूनमध्ये ‘जिंदगी’ वाहिनी सुरू झाली होती आणि तिच्यावर पाकिस्तानी मालिका लागायच्या. आम्ही दोघी ‘हमसफर’ बघायला लागलो. तिकडे हम टीव्हीवर ती सप्टेंबर २०११ ते मार्च २०१२ अशी दर शनिवारी दाखवली गेली. एकूण भाग तेवीस. आमच्या घरी तोवर जी मालिका सुरू व्हायची ती मुलं दहावी होईपर्यंत चालायची, त्यामुळे तेवीस भागांत गोष्ट संपते याचंच आधी अप्रूप.

गोष्ट साधी आहे. सिंधमधल्या हैदराबादची खिरद, म्हणजे माहिरा; आई कर्करोगाने आजारी. आई तिला घेऊन कराचीला आपल्या श्रीमंत भावाकडे येते आणि ती मरण्याआधी खिरदचं लग्न भाच्याशी, अशरशी लागतं. अशर म्हणजे फवाद खान. त्याची आई फरीदा वरून गोड वागते, आतून सुनेला उखडून टाकायचा डाव रचते. एका रात्री पोरीवर नको तो आळ घेऊन तिला घराबाहेर काढते. खिरदच्या पोटात तेव्हा मूल असतं.

आता विचार करा, सासू सुनेला घराबाहेर काढतेय आणि ते एक सासू आणि एक सून शेजारी बसून बघताहेत. मी जरा अवघडून बसले होते. आपल्याकडे अशा प्रसंगात सून टाहो फोडते, ढोल वाजतो, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तीनदा आदळतो. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, ही रडत नाहीये. ही गिळतेय."

पुढे मी तिच्याविषयी जे जे वाचलं, त्यात याहून नेमकं काही मला सापडलं नाही.

माहिराची खरी कला तिच्या ऐकण्यात आहे. बहुतेक नट दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट बघत असतात, आपलं वाक्य जिभेवर तयार ठेवून. खिरदला वाक्यं फार नाहीत. बोलतात ती बाकीची माणसं : सासू, नवरा, नवऱ्यावर डोळा असलेली सारा. दिग्दर्शक सरमद खूसट कॅमेरा पुष्कळदा बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्यावर ठेवतो. तिथे माहिरा काय करते ते बघण्यासारखं आहे. समोरचं वाक्य तिच्यापर्यंत आधी पोचतं, मग तिला त्याचा अर्थ लागतो, आणि त्यानंतर ते लागतं. तीन वेगळे क्षण, आणि तिन्ही वेगवेगळे दिसतात. चार वर्षांनी मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी तिला त्याच नवऱ्यासमोर उभं राहावं लागतं. तिथे तर डोळ्यांतलं पाणी पापणीपर्यंत येऊन थांबतं आणि परत जातं. सासूबाईंचा डोळा लागला की मी आवाज बंद करायचे आणि उरलेला भाग तसाच बघायचे. काही अडायचं नाही.

आवाज असला की मात्र एक वही मांडीवर असायची. सासूबाई विचारायच्या, "रुसवाई म्हणजे रुसणं का गं?" मी म्हणायचे, नसावं, आणि लिहून ठेवायचे. (बदनामी.) ‘खिरद’ म्हणजे बुद्धी, शहाणपण, हे त्या वहीत पहिल्या पानावर आहे. ‘माहिरा’ला शब्दकोश उघडावाच लागला नाही, आपण ‘माहीर’ रोज म्हणतो. त्या वहीपायी मी पुढे चोपन्नाव्या वर्षी उर्दू लिपी शिकले. मालिकेचं शीर्षकगीत कुर्रतुल ऐन बलोचनं गायलंय. ती मूळ नसीर तुराबींची गझल. आम्हाला वाटायचं विरहाचं गाणं आहे, नवरा-बायकोचं. नंतर वाचलं, तुराबींनी ती १९७१ साली ढाका पडलं तेव्हा लिहिली होती. सोबत चालणारा होता पण सूर जुळले नव्हते, हे ते पूर्व पाकिस्तानबद्दल म्हणत होते. ज्या युद्धात आपण जिंकलो, त्याचं दुःख मी आणि सासूबाई रोज रात्री गुणगुणत होतो. हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ ती वही मिटून बसले होते.

आता माहिराविषयी. जन्म कराचीचा, डिसेंबर १९८४. वडील मूळ दिल्लीचे. सतराव्या वर्षी शिकायला अमेरिकेत गेली, लॉस एंजेलिसला. तिथे एका दुकानात कॅशियरचं काम केलं. पदवी पुरी न करताच परतली. २००६ मध्ये एमटीव्ही पाकिस्तानवर गाण्यांच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायची, म्हणजे ती मुळात अभिनय शिकून आलेली नव्हे. २००७ मध्ये लग्न, २००९ मध्ये मुलगा. मग दिग्दर्शक शोएब मन्सूर यांनी २०११ च्या ‘बोल’ चित्रपटात तिला घेतलं. त्यात ती मुख्य भूमिकेत नव्हती, ती होती हुमैमा मलिक. माहिरा लाहोरच्या त्या कोंडलेल्या घरातली गाण्याची हौस असणारी बहीण, आतिफ अस्लमच्या समोर. त्याच वर्षी ‘हमसफर’ आली तेव्हा घरी दोन वर्षांचं पोर होतं. मी दोन मुलं पाळणाघरात ठेवून नोकरी केलीय, म्हणून हे मला दिसतं. बाकी कुणाला महत्त्वाचं वाटणार नाही.

‘हमसफर’नंतर तशाच दहा खिरद करता आल्या असत्या. तिने २०१२ मध्ये लेखिका उमेरा अहमदच्या कथेवरची ‘शहर-ए-जात’ ही मालिका घेतली. फलक ही श्रीमंताघरची शिल्पकार मुलगी. आपण घडवलेल्या पुतळ्यासारखा दिसणारा माणूस तिला भेटतो, आणि त्याच्या मागे ती स्वतःला विसरते, देवालाही विसरते. इथे माहिरा आधी चक्क घमेंडखोर आहे, तुम्हाला राग येतो तिचा. २०१४ च्या ‘सदके तुम्हारे’मधली पंजाबच्या खेड्यातली शन्नो मला सगळ्यांत जवळची. खिरद गिळते, शन्नो भांडते. स्वतःच्या आईशी भांडते, लहानपणी ठरलेलं लग्न मोडू नये म्हणून. तिचं हसणंसुद्धा वेगळं आहे, मोकळं, तोंडावर हात न ठेवता.

तिच्या सगळ्याच निवडी मला पटतात असं नाही. ‘हमसफर’च्या शेवटी अशरला फार स्वस्तात माफी मिळते, हे मी तेव्हाही म्हणत होते. २०२१ मध्ये बऱ्याच वर्षांनी ती मालिकेत परतली, ‘हम कहाँ के सच्चे थे’मध्ये. तिथेही नवऱ्याने छळायचं आणि शेवटी जुळवून घ्यायचं. तिच्या पायरीच्या बाईने हे नाकारायला हवं होतं. सोसणारी बाई सुंदर दिसते, ही समजूत दोन्हीकडच्या मालिकांनी घट्ट केलीय, आणि त्यात तिचाही वाटा आहे. पण हीच माहिरा २०१७ मध्ये पुन्हा शोएब मन्सूर यांच्याकडे ‘वरना’ करते. गव्हर्नरचा मुलगा शिक्षिकेला उचलून नेतो, बलात्कार करतो, आणि ती गप्प बसत नाही. तिथल्या सेन्सॉर बोर्डाने आधी प्रमाणपत्रच नाकारलं. ओरड झाली, मग नोव्हेंबरमध्ये चित्रपट लागला.

आता ‘रईस’. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीवर हल्ला झाला, आपले जवान गेले. त्याच महिन्यात निर्मात्यांच्या संघटनेने पाकिस्तानी कलाकारांना काम न देण्याचा ठराव केला, ‘जिंदगी’वरच्या पाकिस्तानी मालिका थांबल्या. ‘रईस’चं बहुतेक चित्रीकरण तोवर उरकलं होतं. डिसेंबरात शाहरुख खान राज ठाकरेंना भेटले, आणि माहिरा प्रचाराला भारतात येणार नाही हे राज ठाकरेंनीच बाहेर येऊन सांगितलं. २५ जानेवारी २०१७ ला चित्रपट लागला. ती आली नाही. आणि पाकिस्तानात? तिथल्या बोर्डाने तो लावूच दिला नाही. म्हणजे तिचा एकमेव हिंदी चित्रपट तिच्या माणसांना चित्रपटगृहात बघता आला नाही, आणि जिथे लागला तिथे तिला येता आलं नाही. पुढे एका मुलाखतीत तिने सांगितलं, त्या काळात तिला भीतीचे झटके (पॅनिक अटॅक) यायला लागले, निदान झालं, कित्येक वर्षं औषधं घ्यावी लागली.

‘रईस’मध्ये ती नुसती उभी आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. आसियाला, म्हणजे तिच्या पात्राला, लेखकाने ऐकायला काही दिलेलंच नाही. नाचायचं, काळजी करायची आणि गरोदर राहायचं. तिच्या हातातलं हत्यार काढून घेऊन तिला लढायला लावलं, असं मला तो चित्रपट बघताना वाटत राहिलं.

त्याच वर्षी परदेशात सिगारेट ओढतानाचे तिचे फोटो फिरले तेव्हा तिच्याच देशातल्या लोकांनी तिला इतकं फाडून खाल्लं की इथले टीकाकार परवडले. ती कामाला लागली. २०२२ चा ‘द लेजेंड ऑफ मौला जट्ट’ हा पंजाबी चित्रपट तिकडे कमाईत सगळ्यांच्या पुढे गेला. तो भारतात आणायचे बेत झाले आणि बारगळले. २०२३ च्या ऑक्टोबरात तिने दुसरं लग्न केलं. त्या चित्रफितीत चौदा वर्षांचा मुलगा आईला हाताला धरून आणतो. मी ती माझ्या घटस्फोटित भाचीला पाठवली होती, खाली काहीही न लिहिता.

राहिलं ते शेपूट. "अजूनही?"

मी डोंबिवलीची आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये सव्वीस माणसं मारली, त्यांतली तीन आमच्या गावची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भागशाळा मैदानात होते. तिथे काय होतं ते लिहिणार नाही, ते त्या घरांचं आहे. मे महिन्यात भारताने कारवाई केली तेव्हा माहिराने तिला भ्याड म्हटलं, आपल्या देशासाठी दुआ मागितली. मला ते झोंबलं. अजून झोंबतं. ती तिच्या देशाची आहे, तिथूनच बोलणार, हे कळूनही झोंबतं. तिचं इन्स्टाग्राम खातं आणि पाकिस्तानी यूट्यूब वाहिन्या इथे त्याआधीच बंद झाल्या होत्या, आणि मग गाण्यांच्या ॲपवर ‘रईस’च्या चित्रातून तिचा चेहरा गेला, एकटा शाहरुख उरला. त्यावर माझी तक्रार नाही. त्या दिवसांत मलाही तिला बघवत नव्हतं.

पण सासूबाई २०१६ च्या जुलैत गेल्या. शेवटची दीड वर्षं त्यांना बोलायला त्रास व्हायचा, शब्द यायचे नाहीत. तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून काय हवंय ते ओळखायला मी शिकले, आणि कुठे शिकले ते मला ठाऊक आहे. तहान लागली की वेगळं, कूस बदलायची असली की वेगळं, आणि माझा राग आला असला की वेगळं. तेही यायचं अधूनमधून. हे ज्या बाईच्या चेहऱ्यावरून शिकले, तिचं एक विधान मला आवडलं नाही म्हणून शिकलेलं परत कसं करू?

‘हमसफर’चा डीव्हीडी संच माझ्याकडे आहे, पुतणीने दुबईहून आणलेला. विचारलंच आहे तर एका रविवारी या. खिरदला घराबाहेर काढतात तो भाग लावू. सुरुवातीची पंधरा मिनिटं आवाज बंद ठेवू.