लगाम कोणाच्या हातात?

अलंकारांचा धडा आला की आमचं सगळं लक्ष खुणेच्या शब्दांकडे असे. 'सम', 'परी' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, आणि गुण पदरात. मराठीच्या बाईंना एवढ्यावर सुटका मान्य नव्हती. एकदा त्यांनी कठोपनिषदातलं रथाचं रूपक फळ्यावर लिहिलं आणि म्हणाल्या, "चित्र काढा."

मी रथ काढला, पाच घोडे जुंपले, आत्म्याला पुढे बसवून त्याच्या हाती लगाम दिला. बाईंनी वहीवर बोट ठेवलं. "आत्मा रथी आहे. रथी म्हणजे रथात बसलेला, रथाचा धनी. हाकतो कोण, ते वाच." वाचलं. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे, विषय हे रस्ते. मी आत्मा खोडून मागे बसवला. मन म्हणजे उधळणारा घोडा, असंच तोवर वाटायचं. इथे ते सारथ्याच्या मुठीतला लगाम निघालं. मूठ सैल पडली की रथ घोड्यांच्या मर्जीवर. एवढं सगळं त्या एका रूपकात होतं आणि मी 'शरीर = रथ' लिहून मोकळा होणार होतो.

"ते नुसतं रूपक आहे हो," असं कुणी म्हणालं की मला आजही राग येतो.

अतिशयोक्तीला बाईंनी बायबलमधलं वाक्य घेतलं: श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं. एक मुलगा म्हणाला, नेढं म्हणजे यरुशलेमच्या तटातला बुटका दरवाजा, उंट गुडघे टेकून जायचा. बाई म्हणाल्या, तसा दरवाजा होता याला पुरावा नाही, आणि पुढची ओळ बघ. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कोणाचं होणार? येशू सांगतो, माणसांना हे अशक्य आहे, देवाला सगळं शक्य आहे. गुडघे टेकून काम भागलं असतं तर शिष्य थक्क कशाला झाले असते? "उंट लहान करू नका, नेढं मोठं करू नका," हे त्यांचं वाक्य माझ्या कानात बसलं आहे.

रथाचे पुढचे श्लोक त्या तासाला राहिले, घंटा झाली. कॉलेजात असताना ते मी स्वतः काढून वाचले. ज्याचा सारथी जाणता आणि मनाचा लगाम ताब्यात, तो रस्त्याच्या पार, विष्णूच्या परमपदाला पोचतो. वाचताना रथ डोळ्यांपुढे होता, आणि या वेळी प्रत्येक जण आपापल्या जागी बसला होता.