पंखवही, नोंद ४: अखेर फोटो दिसले

मागच्या नोंदीपर्यंत पंखवहीत, म्हणजे माझ्या अँड्रॉइड ॲपमध्ये, नुसती फुलपाखरांची नावं होती. हबशी, हळदीकुंकू, बिबळ्या कडवा, नीलवंत... शाळेच्या हजेरीपटासारखी एकाखाली एक ११६ नावं. फुलपाखरांचं ॲप आणि त्यात एकही पंख नाही. त्यामुळे या खेपेला एकच काम घेतलं: प्रत्येक नावासमोर फोटो. तोही ॲपमध्ये कोंबलेला नाही, वेबवरच्या पत्त्यावरून आणलेला. एका रविवारचं काम आहे, असं घरी सांगितलं होतं. पाच रविवार गेले.

फोटो आणायला सरळ लायब्ररी (म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेलं तयार कोड) वापर, असं तुमच्यापैकी दोघांनी आधीच बजावलं होतं. ऐकलं नाही. आधी स्वतः हाताने करून बघायचं ही माझी जुनी खोड.

पहिला रविवार

अँड्रॉइडच्या कोटलिन भाषेत तीन ओळी. यूआरएल (वेबपत्ता) उघडायचा, येणारी स्ट्रीम (डेटाची धार) बिटमॅपफॅक्टरीला द्यायची, जो बिटमॅप (पिक्सेलमध्ये उलगडलेला फोटो) मिळेल तो इमेजव्ह्यूवर, म्हणजे स्क्रीनवरच्या फोटोच्या चौकोनात, लावायचा. ॲप उघडलं आणि आपटलं: नेटवर्कऑनमेनथ्रेडएक्सेप्शन. मुख्य थ्रेडवर (ॲपच्या कामाच्या मुख्य धाग्यावर) नेटचं काम करायला अँड्रॉइड ३ पासून मनाई आहे. बरोबरच आहे ते. स्क्रीन हलवणारा थ्रेडच सर्व्हरची वाट बघत बसला, तर बोट फिरवून उपयोग काय? काम कोरूटीनमध्ये (बाजूला चालणाऱ्या कामात) टाकून आयओ डिस्पॅचरवर, म्हणजे अशा कामांच्या वेगळ्या थ्रेडवर, हलवलं आणि पहिला हबशी दिसला. आरडाओरडा करून घरातल्यांना दाखवला.

मग जरा जोरात स्क्रोल केलं. हबशीच्या नावासमोर हळदीकुंकू आलं, सेकंदभर थांबलं, मग बिबळ्या कडवा झालं आणि शेवटी हबशी. यादी दाखवणारा रीसायकलरव्ह्यू स्क्रीनच्या वर निघून गेलेली ओळ खाली पुन्हा वापरतो, हे ठाऊक होतं, पण त्या ओळीसाठी आधी निघालेला फोटो वाटेत असतो आणि आल्यावर बिनदिक्कत नव्या भाडेकरूच्या घरात शिरतो, हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कळलं. उपाय दोन, आणि दोन्ही लागतात: ओळ परत वापरली जाताना जुनं काम रद्द करायचं, आणि इमेजव्ह्यूच्या टॅगमध्ये (त्याला चिकटवलेल्या चिठ्ठीत) फोटोचा पत्ता लिहून ठेवून फोटो लावायच्या क्षणी तो जुळतो का ते बघायचं. पक्ष्यांचं किंवा फुलांचं ॲप करणाऱ्यांनो, हे आधी तपासा. ओळख पटवण्याच्या ॲपमध्ये चुकीचा फोटो हा फोटो नसण्यापेक्षा वाईट.

दुसरा रविवार (आणि मधले तीन दिवस)

माझ्या फोनवर सगळं मजेत. आईच्या ३ जीबीच्या जुन्या फोनवर पाच-सहा फोटो आले की ॲप निमूट बंद. "अगं, मी काही दाबलं नाही हं," आई लगेच म्हणाली. तिने काहीच केलं नव्हतं. केलं होतं मी.

फोटो विकिमीडिया कॉमन्स या मुक्त फोटोंच्या साठ्यावरून घेतेय. तिथे लोक कॅमेऱ्यातली मूळ फाइल चढवतात, ६००० बाय ४००० पिक्सेलची वगैरे. फाइल असते ८ एमबीची, म्हणून मी ८ एमबीचा हिशेब धरून बसले होते. पण जेपीजी ही घडी घातलेली साडी आहे, स्क्रीनवर दाखवायची तर पूर्ण उलगडावी लागते. दर पिक्सेलला ४ बाइट. ६००० गुणिले ४००० गुणिले ४ म्हणजे ९ कोटी ६० लाख बाइट, एका फोटोला! आणि दाखवायचा कुठे, तर अंगठ्याएवढ्या चौकोनात. ७३६० बाय ४९१२ चा एक फोटो होता, त्याचे झाले १४ कोटी ४६ लाख, आणि तो तर माझ्या फोनवरही कोसळला. शंभर एमबीच्या वरचा बिटमॅप अँड्रॉइडचा कॅनव्हास (स्क्रीनवर चित्र रंगवणारा भाग) रंगवतच नाही, "फार मोठा आहे" असं सांगून ॲप बंद पाडतो.

दर पिक्सेलला दोनच बाइट घेणारा आरजीबी ५६५ हा रंगांचा प्रकार करून पाहिला. मेमरी निम्मी झाली, पण नीलवंताच्या मागच्या पंखावरचा निळा जिथे हळूहळू फिका होत जातो, तिथे पट्टे उठले. नीलवंत हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, त्यालाच पट्टे! लगेच काढून टाकला.

खरा उपाय इनसॅम्पलसाइझ, म्हणजे फोटो वाचतानाच किती पटींनी लहान करायचा तो आकडा. आधी इनजस्टडीकोडबाउंड्स लावून नुसती लांबी-रुंदी विचारायची, मग किती बारीक करायचं ते ठरवून पुन्हा वाचायचं. हे २ च्या घातांतच चालतं, म्हणजे ५ मागितले तरी ४ च मिळतात. ४ ने ६००० चे १५०० झाले, ९ कोटी ६० लाखांचे ६० लाख. कागदावर.

प्रत्यक्षात सगळे चौकोन पांढरे. एरर नाही, काही नाही, बिटमॅपच्या जागी नल, म्हणजे काहीच नाही. या एका गोष्टीने तीन रात्री खाल्ल्या. लॉगमध्ये रुंदी बरोबर, उंची बरोबर, सॅम्पल साइझ बरोबर, आणि पुढच्याच ओळीत नल. तिसऱ्या रात्री भांडी घासताना ट्यूब पेटली: नेटवरून येणारी स्ट्रीम नळाच्या पाण्यासारखी असते. मापं घेताना मी सुरुवातीचं पाणी वाहवून टाकलं होतं, दुसऱ्यांदा वाचायला गेले तर फाइलचं तोंडच गायब. आता आधी फोटो ॲपच्या कॅश (तात्पुरत्या साठ्याच्या) फोल्डरमध्ये उतरवते आणि मग त्या फाइलवरून हवं तितक्यांदा वाचते. त्यातून डिस्कवरची कॅश आपसूक तयार झाली, तो बोनस.

तिसरा रविवार

बावीस फोटो माझे स्वतःचे आहेत, भाड्याच्या छोट्या वेबजागेवर ठेवलेले. ब्राउझरमध्ये उघडतात, ॲपमध्ये नाहीत. कारणं दोन निघाली. एक, पत्ता साधा, असुरक्षित एचटीटीपी होता (एचटीटीपीएस नव्हे), आणि अँड्रॉइड ९ पासून तसे पत्ते ॲपला आपोआप बंद असतात. जागेवर सर्टिफिकेट बसवून घेतलं, पाच मिनिटांचं काम. मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) सूट मागता येते, पण मागू नये असं माझं मत.

दुसरं कारण मजेशीर. फाइलींची नावं मी हौसेने मराठीत ठेवली होती, "हबशी १", "हळदी कुंकू ३" अशी. पत्त्यात जाताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं होतं आणि प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासकट ३ अक्षरं. म्हणजे एवढासा "हबशी" ३६ अक्षरांचा होतो. ते ठीक. पण हे रूपांतर करायला मी वापरलं होतं यूआरएलएन्कोडर, आणि ते मोकळ्या जागेला अधिकचं चिन्ह लावतं, कारण ते मुळात फॉर्मसाठी आहे. पत्त्याच्या मार्गात हवं असतं %२०. सर्व्हर बिचारा "हळदी+कुंकू" नावाची फाइल शोधत होता. यूआरआय.एन्कोड वापरल्यावर सुटलं. तरी नावं मी बदललीच नाहीत. मराठीच राहतील.

चौथा रविवार: शरणागती

कॉइल बसवलं, फोटो आणून दाखवणारी तयार लायब्ररी. हो, तुम्ही दोघांनी सांगितलं होतं तेच. माझ्या दोनशे ओळी गेल्या, दहा आल्या. काम रद्द करणं, बारीक करणं, मेमरीतली कॅश, डिस्कवरची कॅश, सगळं आतच आहे. हातानं केलेलं वाया गेलं असं मात्र वाटत नाही. कॉइल कुठे काय करतंय हे आता दिसतं.

कॉइल ३ घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: नेटवरून आणण्याचा भाग मूळ पॅकेजात नाही, ओकेएचटीटीपीवाली (नेटवरून आणणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीची) जोडणी वेगळी टाकावी लागते. मी ती विसरले आणि अर्धा तास वायफायला शिव्या घातल्या. आणखी एक. फोटोतला रंग वाचून तोच त्याच्या चौकटीला द्यायला गेले तर एक्सेप्शन, कारण कॉइल आपणहून हार्डवेअर बिटमॅप (ग्राफिक्सच्या मेमरीत ठेवलेला) देतं आणि त्याचे पिक्सेल वाचता येत नाहीत. तेवढ्या ठिकाणी ते बंद केलं.

पाचवा रविवार

मेमरी सुटली, तरी आईचा नेट पॅक उडत होता, कारण उतरत होती ती ८ एमबीची मूळ फाइलच. बारीक करणं फोनवर व्हायचं, पाणी मात्र पूर्ण टाकीचं यायचं. कॉमन्सच्या एपीआयला (ॲपने माहिती मागायच्या खिडकीला) रुंदी सांगितली की ते त्या मापाच्या छोट्या प्रतीचा पत्ता देतं. यादीसाठी ५०० पिक्सेल घेतले. रुंदी बारा पटींनी कमी, म्हणजे पिक्सेल १४४ पटींनी. मोठी प्रत आता कोणी फोटोवर टिचकी मारून मोठा केला तरच मागवते, तीही १२८० पिक्सेलचीच, मूळ फाइल नाही. विनंतीसोबत ॲपची ओळख सांगणारा यूजर एजंटही पाठवते, तो त्यांचा नियमच आहे.

त्याच उत्तरात छोट्या प्रतीची रुंदी-उंचीही येते, त्यामुळे फोटो यायच्या आधीच तेवढी जागा राखून ठेवता येते. आता यादी उड्या मारत नाही. छायाचित्रकाराचं नावही तिथेच मिळतं, पण एचटीएमएलच्या खुणांसकट. त्या झाडून नाव आणि परवाना फोटोखाली लावलाय. लोकांनी फुकट दिलंय, नाव तरी द्यायला हवं.

मग आंबोली. खरी परीक्षा तिथेच. एअरप्लेन मोडवर ॲप छान वागतं: कॅशमधलं दाखवतं, नसेल तिथे राखाडी पाकोळी. पण घाटाच्या वळणावर रेंजची एकच काडी असते तेव्हा ते ना धड येतं ना धड नाही म्हणतं. माझ्या जुन्या कोडमध्ये तर टाइमआउटच (वाट बघण्याची मर्यादा) लावलेला नव्हता, चाक फिरतंय ते फिरतंयच. ओकेएचटीटीपी जोडायला आणि वाचायला १०-१० सेकंद देतं, पण थेंब थेंब डेटा येत राहिला तर ते घड्याळ दर थेंबाला पुन्हा सुरू होतं. म्हणून पूर्ण विनंतीलाच १५ सेकंदांची मर्यादा घातली, आणि राखाडी पाकोळीवर टिचकी मारली की पुन्हा प्रयत्न.

उरलंय ते असं: निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर ११६ फोटो एकदम उतरवून ठेवायचं बटण. कॉइलची कॅश जागा कमी पडली की जुनं फेकते, त्यामुळे हे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावं लागेल असं दिसतंय. कोणी केलं असेल तर सांगा. आईने बटणाला नाव सुचवलंय, "शिदोरी". तेच ठेवतेय.