चार टायर आणि एकच बॅटरी

डांबर संपलं तिथे आम्ही थांबलो. समोर वाळूच्या टेकड्या, मागे तापलेला रस्ता. दोन गाड्या होत्या आमच्या, दोन्ही फोर बाय फोर. पुढची काकांची. ते उतरले, व्हॉल्व्हची टोपणं काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि टायरपाशी उकिडवे बसून हवा सोडायला लागले. मी माझ्या टायरला हवेचा दाब मोजणारं गेज लावलं. ३४ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर ३४ पौंड दाब.

"१८वर आण," काका म्हणाले.

मी २६वर थांबलो. सोडलेली हवा संध्याकाळी परत भरायची होती आणि माझ्याकडचा कंप्रेसर छोटा, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा. चार टायर तो भरेल याची मला खात्री नव्हती. म्हणून हवा राखून ठेवली.

दुसऱ्याच टेकडीवर गाडी बसली. चाकं जागच्या जागी फिरली आणि बघता बघता मागचा ॲक्सल वाळूला टेकला. काकांनी फावडं दिलं, आणि आम्ही उपसत असताना जे सांगितलं ते मी तोवर चुकीचं समजत होतो. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं दिसतं खरं, पण तो वाढतो मुख्यतः लांबीत. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा जमिनीवर लांब पसरतो. गाडीचं वजन तेच, पण ते जास्त जागेवर वाटलं जातं. टायर जमिनीला जेवढा दाबतो, तो दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. वाळूला ३४ झेपत नाही, १८ झेपतो. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि त्याचे सोबती १९२० आणि ३०च्या दशकांत साध्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरले, तेव्हा त्यांच्या युक्त्यांमध्ये टायरमधली हवा कमी करणं होतंच.

१८ केल्यावर गाडी अशी निघाली की आधीचा पाऊण तास उगाच घाम गाळला असं वाटलं. मात्र इतक्या कमी हवेत वेग आवरावा लागतो, कारण टायरची बाजू सतत दुमडते आणि तापते. झटकन वळणही घ्यायचं नाही. १५च्या खाली गेलात तर अशा वळणावर टायरची कड रिममधून निसटू शकते.

संध्याकाळी वाळू संपून दगडगोट्यांचं मैदान लागलं. दगडांत १८ कमी पडतात, टायरची बाजू कापली जाते, रिम आपटते. २५वर न्यायचं ठरलं. इंजिनाचा आवाज नको म्हणून मी गाडी बंद केली आणि कंप्रेसर लावला. दोन टायर झाले आणि त्याचं डोकं इतकं तापलं की हात लावता येईना. या यंत्रांना विश्रांतीचं प्रमाण ठरलेलं असतं. काही मॉडेल अर्ध्या तासात १० मिनिटंच चालवायची असतात, आणि खोक्यावरचा मोठा आकडा बघून घेताना ती ओळ आपण वाचत नाही. लिटर प्रति मिनिट हा आकडाही बऱ्याचदा नळी मोकळी असतानाचा असतो. टायरमधला दाब वाढेल तसा तो घसरतो. खरेदी करताना ३० पीएसआयला किती हवा देतो, ते विचारावं.

थांबत थांबत चार टायर भरले. मग दिवा, फोनचं चार्जिंग, आणि रात्रभर फ्रिज. सगळं त्या एकाच बॅटरीवर.

पहाटे चांगलीच थंडी होती. चावी फिरवली तर नुसतं कट्‌कट्‌. बॅटरीवर मीटर लावला, ११.७ व्होल्ट. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ दाखवते. ११.७ म्हणजे जवळपास रिकामी. मनात हिशोब केला. कंप्रेसर १२ अँपिअर घेतो, अर्ध्या तासाचे ६ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास). फ्रिज चालू असताना ४ अँपिअर घेतो आणि रात्री निम्मा वेळ चालला असं धरलं तरी बारा तासांत २४. वर दिवे आणि फोन. बॅटरी ६० अँपिअर-तासांची, तीही आधीची पूर्ण भरलेली नव्हती. बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरली की फ्रिज बंद करून ती वाचवणारा कट-ऑफ असतो. मी तो सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवला होता, म्हणजे त्याने वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुःख झालं ते बॅटरीसाठीही. गाडीची बॅटरी पातळ पत्र्यांची असते. काही सेकंद भरपूर करंट देऊन इंजिन फिरवायचं, एवढंच तिचं काम. तिला असं तळापर्यंत उपसलं की पत्र्यांवर सल्फेट धरतं आणि ती कायमची कमकुवत होते.

काकांनी पुस्तकाएवढा लिथियम जंप स्टार्टर काढला, म्हणजे उतरलेल्या बॅटरीची गाडी सुरू करून देणारी छोटी बॅटरी. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा बॅटरीपासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्याजवळ ठिणगी नको, म्हणून. गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली.

मग मी त्यांची मांडणी नीट पाहिली. मागे १०० अँपिअर-तासांची दुसरी बॅटरी, लिथियम आयर्न फॉस्फेटची. फ्रिज, दिवे सगळे तिच्यावर. पुढच्या आणि मागच्या बॅटरीच्या मधे डीसी-डीसी चार्जर, तो इंजिन चालू असतानाच पुढून मागची बॅटरी भरतो, त्यामुळे इंजिन बंद असताना मागचं काहीही पुढच्या बॅटरीला हात लावत नाही. कंप्रेसर मोठा, ४५ अँपिअरचा, तो बॉनेटखाली थेट मुख्य बॅटरीवर आणि फक्त इंजिन चालू असताना. लायटर सॉकेटचा फ्यूज १० ते २० अँपिअरचा, तिथे हा चालणारच नाही. वायर जाड, १६ चौरस मिलिमीटरची. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. ५ मीटर लांब जाऊन परत येणारी ६ चौरस मिलिमीटरची तार वापरली तर ४५ अँपिअरला सव्वा व्होल्टहून जास्त तारेतच जिरतात. १६च्या तारेत अर्धा व्होल्टच जातो. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, नाहीतर मधली तार घासून शॉर्ट झाली तर तिला अडवणारं काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी खिंडीत पोचलो, ५,००० मीटरच्या आसपास. तिथलं गेज पाहून मी गोंधळलो. खाली ३४ भरले होते, वर ३६. त्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त उरतो, त्यामुळे गेज ७ पीएसआयच्या आसपास वाढायला हवं. पण खाली ३० अंश होते आणि इथे शून्य. थंडीने त्यातले ५ परत घेतले.

तिथेच काकांच्या मागच्या टायरमध्ये खिळा घुसला. रबरी प्लग बसवून झाला, पण हवा भरायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. कंप्रेसर दर फेरीला तेवढाच घास घेतो, पण त्या घासात हवाच विरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी शून्याखाली पारा असताना काकांनी मागच्या बॅटरीचं चार्जिंग बंद ठेवलं. गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आतल्या इलेक्ट्रोडवर धातू साचतो आणि तो परत जात नाही. हीटरने गाडी आतून उबदार होईपर्यंत थांबलो. मागे खिंडीत ऊन हळूहळू उतरत होतं, तो तास मला अजून आठवतो.

परतीच्या वाटेवर तीच वाळू आडवी आली, पलीकडच्या बाजूने. मी उतरलो, टोपणं काढून खिशात टाकली. काकांनी त्यांचा कंप्रेसर दाखवत विचारलं, "संध्याकाळी इंजिन चालू ठेवशील ना?"

"हो काका."

गेज लावलं आणि १८ येईपर्यंत हवा सोडली.