एसक्यू-१ की बीटस्टेप प्रो: एमएस-२० मिनी आणि व्होल्काला जोडताना

सद्यस्थिती: कॉर्ग एसक्यू-१ आणि आर्टुरिया बीटस्टेप प्रो हे दोन सिक्वेन्सर (ठरवलेले सूर क्रमाने वाजवून घेणारी यंत्रं) आळीपाळीने कॉर्गच्या एमएस-२० मिनी सिंथेसायझरला आणि व्होल्का या छोट्या वाद्याला जोडून झाले. एसक्यू-१ मध्ये ८-८ स्टेप्सच्या (एकेका सुराच्या जागांच्या) दोन ओळी, बीटस्टेपमध्ये प्रत्येक ट्रॅकला ६४. पण या आकड्यांवरून निवड करू नका. गाडी अडते ती व्होल्टेज आणि क्लॉकपाशी (यंत्रांचा ताल जुळवणाऱ्या सिग्नलपाशी).

आधी पिच, म्हणजे सुराची उंची; ती व्होल्टेजवर ठरते. एमएस-२० मिनी हर्ट्‌झ-प्रति-व्होल्टवर चालतो, म्हणजे दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट: १, २, ४, ८. त्याला चुकून व्होल्ट-प्रति-सप्तक (दर सप्तकाला एकच व्होल्ट वाढ) दिलं तर १ व्होल्टला मंद्र सा, २ ला मध्य सा, ३ ला मात्र तार साऐवजी मध्य पंचम, आणि ४ ला कुठे तार सा. पहिली उडी बरोबर लागते, म्हणून दोनच सूर वाजवून केलेली चाचणी फसवी. निदान चार सप्तकांचे सा वाजवून बघा. एसक्यू-१ वर ८ व्होल्टची रेंज निवडायची; बीटस्टेपवर ही सेटिंग कॉम्प्युटरवरच्या मिडी कंट्रोल सेंटर या प्रोग्रॅममधून होते.

गेटही (सूर सुरू-बंद करणारा सिग्नल) उलटा: एमएस-२० ला एस-ट्रिग लागतो, म्हणजे व्होल्टेज खाली गेलं की सूर सुरू. व्ही-ट्रिग (व्होल्टेज वर गेल्यावर सूर सुरू) दिला तर सूर विरामात वाजतो आणि स्टेपवर गप्प बसतो. लक्षण इतकं स्पष्ट आहे की मल्टिमीटरची गरज नाही.

क्लॉक. व्होल्का एका पल्सला दोन स्टेप पुढे जातो, आणि एका बीटला ४ स्टेप असतात, म्हणजे एका बीटला २ पल्स. बीटस्टेपमधून दर स्टेपला एक पल्स सोडला तर बीटला ४ होतात आणि व्होल्का दुप्पट पळतो. २४ पीपीक्यूवर (बीटला २४ पल्स) १२ पट. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) दोन पल्समध्ये २५० मिलिसेकंद हवेत.

नॉब हा चवीचा प्रश्न. एसक्यू-१ ला मेमरी नाही, नॉब जिथे तोच पॅटर्न. १ व्होल्टच्या रेंजमध्ये पूर्ण फेऱ्यात १२ सेमीटोन, सूर आरामात सापडतो. ५ व्होल्टला तेवढ्याच फेऱ्यात ६०, बोट हललं की सूर सुटला. गेटची लांबीही सगळ्या स्टेप्सना एकच. बीटस्टेप लांबी आणि व्हेलॉसिटी (सुराचा जोर) दर स्टेपला वेगळी ठेवतो, शिवाय सेव्ह करतो. बासलाइन रचून ठेवायची असेल तर तोच. हाताने चाळवत बसायला मात्र एसक्यू-१ जास्त मजेचा.

मिडीचे (यंत्रांमध्ये नोटांची माहिती नेणारी डिजिटल जोडणी) अडॅप्टर अदलाबदल करू नका. कॉर्गचा टाइप ए, बीटस्टेपचा टाइप बी. प्लगच्या टिप आणि रिंगच्या जोडण्या उलट असतात. बिघडत काही नाही, फक्त नोट पोचत नाही.

लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणाऱ्या कुठल्याही सिक्वेन्सरच्या सीव्हीत (सूर ठरवणाऱ्या व्होल्टेजमध्ये) ग्राउंड लूपची (ग्राउंडच्या एकाहून जास्त वाटा झाल्याने येणारी) गुणगुण शिरू शकते. वीज फोनच्या चार्जरवरून आणि मिडी ५ पिनच्या केबलने घ्यावी, कारण त्या इनपुटला ऑप्टोकपलर (विजेची थेट जोडणी न करता प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) असतो. एसक्यू-१ दोन एए सेलवर चालवला की हा प्रश्नच येत नाही.

बाकी: बीटस्टेपचे ८ ड्रम गेट अजून तपासायचे आहेत.