हजेरी क्रमांक ४२

२०२५ हे साल आमच्या गणिताच्या सरांना फार आवडलं असतं. २०२५ हा ४५ चा वर्ग. त्याचे दोन तुकडे करून बेरीज केली, २० अधिक २५, की पुन्हा ४५. असं पुढचं साल थेट ३०२५, ५५ च्या वर्गाचं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला नेमकं हे साल यावं, यावर सरांनी फळाभर आकडे मांडले असते. ते आज नाहीत, म्हणून मी लिहितोय.

मी आणि माझा चुलतभाऊ एकाच वर्गात होतो. मी १९७० चा, तो १९७१ चा. घर एकच, माळवदाचं. आडनाव एक असल्यामुळे हजेरीत मी ४२ आणि तो ४३. तो हुशार होता, खरोखर हुशार. दिवेलागणीला आज्जी म्हणायची, "त्यो बघ कसा वाचलालाय, आन् तू कुठं बघलालास?" चुलतीला संकोच वाटायचा. माय काही बोलायची नाही, आणि तिचं ते न बोलणंच मला जास्त लागायचं.

घटक चाचणीचे निकाल फळ्यावर क्रमाने लागायचे. मी माझे गुण कधी सरळ वाचलेच नाहीत. आधी त्याचे, मग वजाबाकी, शेवटी माझे. मला सत्तर पडले आणि त्याला ब्याऐंशी, की माझ्या हाती उणे बारा उरायचे. हेवा तो हाच. आपल्या पदरात काय पडलं ते दिसतच नाही, फरक तेवढा दिसतो. तो बिचारा मला अडलेली गणितं समजावून द्यायचा, आणि त्याचाही मला त्रास व्हायचा.

नववीला गणिताचे सर बदलले. हे नवे सर शनिवारी शेवटच्या तासाला पुस्तक मिटायचे. "मनात तीन अंकी संख्या धरा. पहिल्या आणि शेवटच्या अंकात निदान दोनचा फरक असू द्या. संख्या उलटी करा, मोठीतून लहान वजा करा. जे येईल ते पुन्हा उलटं करून त्यातच मिळवा." सगळ्यांच्या माना खाली. सर खिडकीशी उभे राहून म्हणायचे, "एक हजार एकोणनव्वद!" ज्यांना गणिताचा तास नको वाटायचा, ती मागच्या बाकावरची पोरं त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने ओरडायची.

एके दिवशी त्यांनी हजेरी घेतली ती आकड्यांसाठी. प्रत्येकाने उठायचं आणि आपला क्रमांक तपासायचा. माझ्यापाशी आले. ४ आणि २ मिळून ६, आणि ४२ ला ६ ने भाग जातो, म्हणजे ही हर्षद संख्या. तेवढ्यावर थांबले नाहीत. "३५ मध्ये त्याचे अंक मिळवले की ४३ होतात, म्हणजे ४३ चा जनक ३५. आता ४२ चा जनक शोधा." वर्गाने सगळं चाचपून पाहिलं, सापडला नाही. कारण तो नाहीच. "ही स्वयंभू," सर म्हणाले. मी उभाच होतो. इतकी वर्षं ४३ च्या शेजारी बसून ४२ मध्ये असं काही असेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग सर भावाकडे वळले. ४३ मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. त्याचाही चेहरा उजळला. मला त्या घडीला त्याच्या आनंदाचा त्रास झाला नाही, आणि हे मला त्याच क्षणी जाणवलं.

या हर्षद आणि स्वयंभू संख्या म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचं देणं. देवळालीच्या शाळेतले शिक्षक, हाती पदव्युत्तर पदवी नाही, आणि आकड्यांचं वेड असं की जगाने दखल घेतली. आपली शाळा निघाली त्याच १९७५ साली अमेरिकेत गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं. आम्ही दहावी झालो त्या १९८६ मध्ये ते गेले.

त्यांचा ६१७४ सरांनी आम्हाला जन्मसालांवर करून दाखवला. चार अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच, की शेवटी ६१७४ वरच येऊन थांबतं. भावाचं १९७१: ९७११ वजा ११७९ म्हणजे ८५३२, त्यातून २३५८ गेले की ६१७४. दोन पायऱ्यांत पोचला. माझं १९७०: ९५३१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. सात पायऱ्या, आणि सातपेक्षा जास्त कुणालाच लागत नाहीत. चारही अंक सारखे असले तर मात्र पहिल्याच फटक्यात शून्य. मला त्यात खिळवून ठेवलं ते वजाबाकीने. इथे संख्या स्वतःच्याच अंकांची मांडणी बदलते आणि स्वतःतून स्वतःला वजा करते. शेजारच्या संख्येचा संबंधच येत नाही. मी आयुष्यभर करत आलो ती वजाबाकी वेगळी होती.

भाऊ इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. मी एस.टी.त वाहक झालो. ट्रेमधल्या तिकिटांचे शेवटचे चार अंक घेऊन मुक्कामी गाडीवर, वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, पुरं झालं की, मी ६१७४ गाठत बसायचो. तो सणाला घरी आला की आम्ही दोघं अजून एकमेकांना संख्या घालतो.

आता लातूरच्या चौकाचौकांत पोरांचे फोटो, टक्के आणि रँक लावलेले फलक दिसतात. त्या पोरांनी कष्ट केलेत, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्या फलकाखालून क्लासला जाणारी बाकीची पोरं वर बघत काय वजा करत असतील, ते मला माहीत आहे आणि मला त्यांची काळजी वाटते.

शाळेच्या नव्या इमारतीत गुणवत्ता फलक लागणार आहे असं ऐकलं. समितीला विनंती आहे, त्याच्या शेजारी एक साधा फळा मोकळा ठेवावा. माझी साप्ताहिक सुटी शनिवारी असते, मी येऊन त्यावर संख्या घालीन. पोरांनी आपापला हजेरी क्रमांक सांगून ठेवावा. एकेकाच्या क्रमांकात काय आहे ते शोधायला मला आठवडा मिळेल.