तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीमागं गाडी बांधायची तर

"काका, तिकडं घराच्या गाडीमागं आख्खी कार बांधून नेतात म्हणे. किती खर्च येतो हो त्याला?"

लेकीकडून अमेरिकेहून परत आल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. लातुरात चहाच्या टपरीवर विचारतात, लग्नात पंगतीला बसल्यावर विचारतात. आता तर २०२१ मध्ये राज्य सरकारचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आल्यानंतर ज्यांनी टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर चाकांवरचं घर बांधून घेतलंय किंवा घ्यायचं ठरवलंय, ते थेट वर्कशॉपवर येतात. माझं औसा रोडला ट्रॉल्या बनवायचं काम आहे, तीस वर्षं झाली. त्यामुळं लोकांना वाटतं, हूक लावून देणं या माणसाच्या डाव्या हाताचा मळ. हूक खरंच लावून देता येतो. पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी तिकडचं सांगतो. जावयाकडं फोर्डच्या ई-४५० या चॅसीवरची मोटरहोम आहे, जुनीच घेतलेली. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. अशी गाडी एकदा मुक्कामी लावली, तिला पाण्याचा पाइप, विजेची वायर आणि सांडपाण्याची नळी जोडली, की ती घर होते. मग दूध आणायला किंवा डोंगराच्या कडेपर्यंत जायला कोणी घर हलवत नाही. त्यासाठी मागं छोटी कार लागते. यांची होंडा सीआर-व्ही होती, २०१४ सालची. साल मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्याच वर्षी त्या गाडीचा गिअरबॉक्स बदलला आणि २०१५ पासूनची सीआर-व्ही चारही चाकांवर ओढत नेता येत नाही.

हे कोडं मला फार आवडलं. गाडी न्यूट्रलला टाकली की झालं, असं आपल्याला वाटतं. पण बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरत राहिली, तर आतले भाग कोरडे फिरतात आणि काही तासांत जळून जातात. साध्या हाताच्या गिअरबॉक्समध्ये दात्यांनीच तेल उडतं, म्हणून अशा बऱ्याच गाड्या चालतात, सगळ्या नाही. काही जीपगाड्यांना ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारी पेटी, न्यूट्रलला टाकायची सोय असते, म्हणून मोटरहोमवाल्यांची ती लाडकी. कोणती गाडी ओढायची आणि कशी, हे कंपनीच्या मालक-पुस्तिकेत लिहिलेलं असतं. जावई दर खेपेला इंजिन सुरू करून, गिअर ठरलेल्या क्रमानं फिरवून, मगच न्यूट्रलला आणायचा. मला आधी ते कर्मकांड वाटलं होतं. पुस्तिका वाचल्यावर मान डोलावली.

तिथं तीन पर्याय आहेत. कार चारही चाकांवर, मध्ये त्रिकोणी टो-बार. नाहीतर पुढची दोन चाकं उचलून धरणारी दोनचाकी डॉली. नाहीतर आख्खी कार वर चढवायचा ट्रेलर. स्वस्त दिसते ती डॉली, दीड ते साडेतीन हजार डॉलरपर्यंत मिळते. पण ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली गाडी तिच्यावर चालत नाही, कारण मागची चाकं जमिनीवर फिरतातच. शिवाय मुक्कामी तिला ठेवायलाही जागा लागते. ट्रेलर सगळ्यांत निर्धास्त, कोणतीही गाडी चढवा. पण त्याचंच वजन हजार किलोच्या आसपास.

इथं वजनाचा हिशेब आडवा आला. ई-४५० चं गाडी आणि माल मिळून वजन १४,५०० पौंडांपुढं जाता कामा नये, आणि मागचं ओझं धरून एकूण २२,००० पौंडांपुढं. म्हणजे साधारण ६,५८० आणि ९,९८० किलो. वजाबाकी केली तर वाटतं, तीन हजार चारशे किलो ओढता येतील. पण जावयाच्या गाडीचा हूक ५,००० पौंडांचा होता, २,२६८ किलोंचा. कार १,५५० किलो, ट्रेलर १,०००, बेरीज २,५५०. इंजिन ओढेल, चॅसी सोसेल, हूक नाही. सगळ्यांत कमी आकडा ज्याचा, त्याचं ऐकायचं. ट्रेलर तिथंच कटाप झाला आणि टो-बार ठरला.

आता खर्च. बिल मी वहीत उतरवून आणलंय. टो-बार १,१५० डॉलर. कारच्या पुढच्या बंपरमागं चॅसीला बोल्टनं आवळायची बेस प्लेट ५५०. मागच्या दिव्यांची वायरिंग २५०. सुरक्षेच्या तारा आणि उंची जुळवायचा तुकडा मिळून २००. (टो-बार जमिनीला जवळपास समांतर हवा, चार इंचांहून जास्त फरक पडला की ब्रेक लावताना कार मोटरहोमच्या खाली घुसायला बघते.) ब्रेकची यंत्रणा १,३५०. मजुरी १,१००. एकूण ४,६०० डॉलर, तेव्हाच्या भावानं पावणेचार लाख रुपये.

आकडा ऐकून टपरीवर सगळे गप्प होतात. मग कोणीतरी विचारतंच, "पण पेट्रोल वाचत असंल की?" तेही मांडून बघितलं. आमचा प्रवास २,४०० किलोमीटरचा झाला. मोटरहोम लिटरला ३.४ किलोमीटर द्यायची, कार बांधल्यावर ३.१ वर आली. म्हणजे ६८ लिटर जास्त गेलं. लेकीनं कार वेगळी चालवली असती, तर तिला दोनशेच्या वर लिटर लागलं असतं. एका फेरीत वाचले एकशेचाळीस लिटर, तिकडच्या भावानं एकशेतीस डॉलर. पावणेचार लाख वसूल व्हायला अशा पस्तीस फेऱ्या हव्यात. पैसे वाचवायला म्हणून कोणी हे करत असेल, तर त्यानं करू नये. माझी लेक सहा तास एकटी स्टिअरिंग धरून बसण्याऐवजी नवऱ्याशेजारी बसून आली, मला वाटेत दोनदा चहा करून दिला. त्यांनी ते पैसे यासाठी मोजले होते, आणि ते मला पटलं.

त्या बिलातल्या एका ओळीवर मात्र मी फार वेळ थांबलो: ब्रेक, १,३५० डॉलर. टो-बारपेक्षा महाग. ती एक पेटी असते, कारमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायची. तिचा दांडा ब्रेकच्या पेडलला अडकवतात. पुढची गाडी वेग कमी करू लागली की पेटीला ते कळतं आणि ती मागच्या कारचा ब्रेक दाबते, माणूस नसताना. शिवाय एक बारीक तार असते. टो-बार तुटून कार सुटलीच, तर तार ताणून पिन निघते आणि कार आपोआप ब्रेक लावून उभी राहते. किती वजनापुढं मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक हवा, याचा कायदा राज्याराज्यात वेगळा आहे. बऱ्याच ठिकाणी हा आकडा ३,००० पौंड, म्हणजे १,३६० किलो आहे.

न्यू मेक्सिकोतून कोलोरॅडोत उतरताना रॅटन पास लागतो, सात हजार आठशे फुटांवर. उतरताना मी पुढच्या सीटवर होतो आणि मान वळवून सारखा मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होतो. कार मागून ढकलत नव्हती. आपण थांबलो की तीही थांबायची, सोबत चालणाऱ्या माणसासारखी. जावई म्हणाला, "बाबा, घाबरलात का?" घाबरलो नव्हतो. मला आपल्याकडची एक ट्रॉली आठवत होती.

बारा-तेरा वर्षांपूर्वी ऊसाच्या हंगामात, बालाघाटातल्या एका उतारावर, डबल ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर खाली येत होता. वीस टनांच्या आसपास माल. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला, ट्रॅक्टर थांबायला लागला, ट्रॉल्या थांबेनात. मागच्या ओझ्यानं ट्रॅक्टरला आडवं केलं आणि पहिली ट्रॉली त्याच्यावर चढली. पोरगा वाचला, पण एक पाय गुडघ्याखालून गेला. ट्रॉली माझ्या वर्कशॉपमधली होती. तिचा नंबर मी स्वतः ठोकला होता. हूक तुटला नव्हता, पिन वाकली नव्हती, दांडी सरळ होती. मी जे बनवलं होतं ते सगळं शाबूत होतं. ट्रॉलीला ब्रेकच नव्हता, कारण घेणाऱ्यानं मागितला नव्हता आणि मी आग्रह धरला नव्हता.

त्या दिवसापासून बिनब्रेकची ट्रॉली माझ्याकडून बाहेर जात नाही. गिऱ्हाईकं गेली. "ट्रॅक्टरला ब्रेक हायच की, आन् ट्रॉलीला कशाला?" असं म्हणून शेजारच्या वर्कशॉपला गेलेली माणसं मी रोज बघतो. त्यांचंही खरं आहे, ऊसाचे पैसे कधी येतील याचा भरवसा नाही, आणि ब्रेकचे हब, लायनर, पाइप धरले की ट्रॉलीची किंमत चांगलीच वाढते. तरी मी ऐकत नाही. कोणी मागं काही जोडायचं म्हणतो तेव्हा तो हूकची किंमत विचारतो. ब्रेकची किंमत आजवर एकानंही आधी विचारलेली नाही. मीच सांगतो.

आता इकडचं. तुम्ही तुमच्या कॅरव्हॅनमागं अल्टो किंवा वॅगनआर बांधून वेरूळला निघालात तर चालेल का? चालणार नाही. १९८९ च्या रस्ता नियमांत होतं आणि २०१७ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या विनियमांतही गाभा तोच आहे: ओढायची ती बिघडलेली गाडी, अर्धवट जुळणी झालेली गाडी, नोंदणी असलेला ट्रेलर किंवा साइडकार. धडधाकट कार सोयीसाठी टोचन करून फिरवायची परवानगी त्यात नाही. बिघडलेल्या गाडीलाही जुन्या नियमांत बंधनं होती: दोन गाड्यांत पाच मीटरहून जास्त अंतर नको, मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा नाहीतर तिची पुढची चाकं उचललेली हवीत, वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. या वेगानं लातूरहून वेरूळ म्हणजे दोन दिवस. मग उरतो नोंदणीचा ट्रेलर. त्याचं वजन, वर कारचं वजन, आणि ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर आधीच पलंग, पाण्याची टाकी, बॅटऱ्या चढवलेल्या. त्या गाडीच्या कंपनीनं मागं एवढं ओढायची मुभा दिलेली नसेल तर हूक लावून देणारा मी कोण? कंपनीनं ठरवलेल्या रचनेत आपल्या मनानं बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं मनाई आहे, ते वेगळंच.

आणखी एक. टो-बारनं बांधलेली गाडी मागं घेता येत नाही. चार-पाच फूट ढकलली की तिची पुढची चाकं तिरपी होतात आणि बार अडकतो. डबल ट्रॉली चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दौलताबादला तटबंदीच्या दरवाजातून रस्ता जातो, समोरून बस आली की कोणाला तरी मागं सरकावं लागतं. तिथं उतरून, पिना काढून, कार सोडवत बसणार का, याचा विचार करा.

कॅरव्हॅनच्या पाठीला स्कूटर टांगू का, हेही विचारतात. शंभर-एकशेदहा किलोची स्कूटर मागच्या एक्सलच्या मीटरभर पलीकडं लोंबली, की ती मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आपल्या वजनापेक्षा जास्त भार टाकते आणि पुढची चाकं हलकी करते. आणि गरज कितीशी आहे? अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावरच थांबतात, पुढं लेण्यांपर्यंत बसनं जावं लागतं. तुळजापुरात गाडी बाहेर लावून चालतच जायचं असतं. नळदुर्ग आणि खरोशाला गाडी जवळ जाते. बाकी ठिकाणी रिक्षा मिळते.

मागच्या महिन्यात उदगीरहून एक निवृत्त सर आले. नवी कॅरव्हॅन, आणि घरात दहा वर्षं जुनी वॅगनआर. म्हणाले, पैशांचं बघू, पण बांधून द्या. मी त्यांना जवळच्या डाळमिलच्या भुईकाट्यावर घेऊन गेलो. टाकी भरलेली, सिलिंडर आत, सर आणि बाई बसलेल्या. पावती निघाली, ती आणि आरसी बुकातला जास्तीत जास्त वजनाचा आकडा शेजारी शेजारी धरला. अजून शंभर-सव्वाशे किलोंचीच जागा उरली होती, आणि दोन्ही लेकरं, नातवंडं तर गाडीत बसायचीच होती. सर बराच वेळ पावतीकडं बघत राहिले. बाईंनीच विचारलं, "मग वॅगनआर मागून मी चालवत आणली तर?"

मी म्हणालो, त्याच्याइतकं चांगलं काही नाही. त्यांच्याकडं लर्निंग लायसन्स आहे. सर शेजारी बसतात आणि रोज सकाळी उदगीर-नळेगाव रस्त्यावर सराव चालू आहे.